डॉटर्स ऑफ द डस्ट: गोतावळा जमतो तो निरोपासाठी

खाडीकाठची

'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१, दिग्दर्शन ज्युली डॅश) या सिनेमावर इथे धागा सापडला नाही, म्हणून काढते आहे. खाली कथानक सगळं उघड केलंय, पण या सिनेमात 'पुढे काय झालं' याला फारशी किंमत नाही, तेव्हा न पाहिलेल्यांनीही बिनधास्त वाचा.

साल १९०२. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्याला लागून बेटांची एक रांग आहे, सी आयलंड्स. तिथल्या पीझंट कुटुंबाने बेट सोडून उत्तरेकडे जायचं ठरवलंय. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या गोतावळ्याने समुद्रकाठी जमायचं, जेवायचं, फोटो काढून घ्यायचे असा बेत आहे. पूर्वीच बाहेर पडलेल्या दोघीजणी त्यासाठी परत आल्यात. एक व्हायोला, फिलाडेल्फियात राहून पक्की बाप्टिस्ट झालेली. ती येताना फोटोग्राफर मिस्टर स्नीडला घेऊन आलीय. दुसरी यलो मेरी, जिला होडीतून उतरताना बघूनच बाकीच्या बायकांच्या माना एकमेकींकडे वळतात. घरातली सर्वांत मोठी नाना (ही पणजी आहे, नाव वाचून धोतर-टोपी डोळ्यांसमोर आणू नका) बेट सोडायला तयार नाही. आणि ही सगळी हकिकत सांगणारी मुलगी अजून जन्मालाच यायची आहे. ती यूलाच्या पोटात आहे.

यूलावर एका गोऱ्याने बलात्कार केलाय. मूल आपलं की त्याचं, या विचाराने तिचा नवरा ईलाय आतून जळतोय. तो माणूस कोण हे यूला सांगत नाही, कारण नाव कळलं तर ईलाय त्याच्या अंगावर जाईल आणि दुसऱ्या दिवशी ईलायच झाडाला लटकलेला सापडेल. १९०२ मधल्या दक्षिणेत हे वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं आणि सिनेमाही ते समजावत बसत नाही.

या सिनेमाबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात पांढरे झगे, वाळू, संध्याकाळचा उजेड यांचं कौतुक असतं. ते खरंच आहे. मला मात्र हा सिनेमा पंगतीचा वाटतो. कोणाला घरचं म्हणायचं, कोणाला नाही, याचा निवाडा दिवसभर चाललेला असतो. यलो मेरी 'बिघडलेली' आहे, तिने आणलेला खाऊ खायचा की नाही? पोटातलं मूल घराचं की नाही? बुडून मेलेले, विकले गेलेले, ज्यांची नावंही राहिली नाहीत ते घरचे की नाहीत?

हा प्रश्न या लोकांसाठी हौसेचा नव्हता. नानाकडे पत्र्याची एक डबी आहे, तिच्यात तिच्या आईचे केस आहेत. आईला विकलं, तेव्हा जाण्याआधी तिने ते कापून लेकीकडे ठेवले होते. नानाकडे आईचं दुसरं काही नाही. अमेरिकेच्या जनगणनेत दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या माणसांची नावं पहिल्यांदा लागली ती १८७० मध्ये. त्याआधीच्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. आपला वंश शोधू पाहणारे आजही त्या सालापाशी येऊन अडकतात. गुलामगिरी संपल्यावर कित्येक वर्षं वर्तमानपत्रांतून 'माझी आई अमुक गावी अमुक मालकाकडे होती, तिचा पत्ता कोणाला माहीत आहे का' अशा जाहिराती येत राहिल्या. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट'मध्ये 'हरवलेले सोबती' अशा अर्थाचं एक सदरच होतं, आणि पाद्र्यांनी तो मजकूर चर्चमध्ये वाचून दाखवावा अशी विनंती असायची. असल्या इतिहासातून आलेलं कुटुंब स्वतःहून पांगायचं ठरवतं, तर म्हातारीच्या पोटात काय कालवलं असेल.

कोणी पाहिलाय का? चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

मधल्या_आळीतला

पाहिला. म्हणजे डोळे उघडे होते. अर्धा तास कोण कोणाची सून, कोण कोणाची आत्या यातच गेला, आणि ते लागेस्तोवर सगळे जेवून उठले. बोली तर अशी की इंग्रजी सबटायटल शोधत बसलो. निदान सुरुवातीला एखाद्या पात्राने "ही माझी मावसबहीण, हिचा नवरा अमुक" एवढं बोलायला काय जात होतं?

चित्रं सुंदर आहेत हो, भिंतीवर लावण्यासारखी.

तिसरी_घंटा

आळीतले भाऊ, घरात कोणी कोणाला "तू माझी मावसबहीण" असं सांगत नाही. तसं बोलणं फक्त वाईट नाटकांच्या पहिल्या प्रवेशात ऐकू येतं. प्रेक्षकासाठी ओळख करून द्यायची नाही, हा डॅश बाईंचा निर्णय आहे. आफ्रिकेतले ग्रिओ, म्हणजे घराण्याच्या कथा तोंडपाठ ठेवणारे, गोष्ट सांगताना सरळ रेषेत जात नाहीत. एक पदर उचलतात, सोडतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यावर येतात. सिनेमाची बांधणी त्या धर्तीवर केल्याचं त्यांनी सांगितलेलं आहे.

भाषेचं म्हणाल तर ती गुल्ला आहे. इंग्रजी आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच भाषा मिळून बेटांवर घडलेली. बरीच वर्षं शहाणेसुरते लोक तिला 'मोडकं इंग्रजी' म्हणून हिणवत. लोरेंझो डाउ टर्नर या काळ्या भाषाशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास करून १९४९ मध्ये पुस्तक काढलं आणि आफ्रिकन भाषांशी असलेलं तिचं नातं शब्दागणिक दाखवून दिलं, तेव्हा कुठे ते हिणवणं थोडं थांबलं. नटांना ती बोलता यावी म्हणून डॅश यांनी बेटावरच्या शिक्षकाकडून तालीम करून घेतली. एवढं करून खाली पांढऱ्या अक्षरांत शुद्ध इंग्रजी छापायचं? मग तालीम कशाला?

माझी तक्रार दुसरीच आहे. संगीत. जॉन बार्न्स यांचे ढोल ठीक आहेत, पण सिंथेसायझर जिथे जिथे येतो तिथे १९०२ चं एकदम १९९१ होतं.

मधल्या_आळीतला

संगीताबद्दल +१. बाकीचं पटलं नाही, पण वाद घालण्याइतका सिनेमा मला कळलेला नाही, त्यामुळे गप्प.

प्रकाशमापक

छायाचित्रणावर थोडं लिहितो, कारण "चित्रं सुंदर" म्हणून पुढे जाणं म्हणजे कामाचा अपमान आहे.

कॅमेरा आर्थर जाफा यांचा. १९९१ च्या सनडान्स महोत्सवात छायाचित्रणाचं पारितोषिक यालाच मिळालं. चित्रण मुख्यतः सेंट हेलेना आणि हंटिंग या बेटांवर, उघड्यावर आणि जवळजवळ सगळं सूर्यप्रकाशात. काळ्या त्वचेवर पांढरे कपडे आणि मागे चमकणारं पाणी, ही कुठल्याही कॅमेरामनची झोप उडवणारी गोष्ट आहे. कपड्यांना धरून एक्स्पोजर ठेवलं तर चेहरे काळवंडतात. चेहऱ्यांना धरून ठेवलं तर कपडे आणि आकाश पांढरंफटक. त्यात त्या काळातली रंगीत फिल्म आणि लॅबमधली रंग जुळवायची नमुना-कार्डं गोऱ्या त्वचेला प्रमाण मानून बनलेली. डॅश यांनी मुलाखतींतून सांगितलंय की काळ्या माणसांची कांती आगफा फिल्मवर अधिक चांगली उतरते, म्हणून त्यांनी कोडॅकऐवजी आगफा वापरली. यूला आणि यलो मेरी झाडावर बसून बोलतात तो प्रसंग पुन्हा बघा. एकीच्या त्वचेत लालसर तपकिरी झाक आहे, दुसरीच्या पिवळसर. हॉलीवूडच्या सिनेमांत त्या काळी दोघी सारख्याच दिसल्या असत्या.

अजून एक नाव: कला-दिग्दर्शन केरी जेम्स मार्शल यांचं. आज त्यांची चित्रं जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. नानाच्या झोपडीत भिंतींना चिकटवलेली वर्तमानपत्रं, अंगणातलं बाटल्यांचं झाड, हे सगळं त्यांच्या देखरेखीखाली झालं. (ज्यांना प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी: फांद्यांना बाटल्या अडकवायच्या म्हणजे वाईट शक्ती त्यात अडकून बसते, अशी तिथली समजूत. चिडलेला ईलाय येऊन त्याच बाटल्या फोडतो.)

पैसे किती? सुमारे आठ लाख डॉलर. तेही मुख्यतः सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या 'अमेरिकन प्लेहाउस'कडून. सनडान्सनंतर मोठ्या कंपन्यांनी हात लावला नाही. त्या साली काळ्या दिग्दर्शकांचे सिनेमे चांगले चालत होते, पण ते शहरातल्या तरुणांचे, बंदुकांचे. समुद्रकाठी गंबो (भेंडी घातलेला रस्सा) शिजवणाऱ्या बायका कोणी बघायला येईल असं कंपन्यांना वाटेना. शेवटी किनो इंटरनॅशनल या छोट्या वितरकाने घेतला आणि जानेवारी १९९२ मध्ये न्यू यॉर्कच्या फिल्म फोरमला लावला. काळ्या बायका चर्चमधून, महिला मंडळांतून एकमेकींना सांगत आल्या आणि खेळ भरू लागले. काळ्या अमेरिकन बाईने दिग्दर्शित केलेला आणि देशभर चित्रपटगृहांत लागलेला हा पहिला कथापट. १९९२! सिनेमा जन्मून शंभर वर्षं होत आली होती.

निळाशार

मी नैसर्गिक रंगाईचं काम करते, म्हणून नानाच्या हातांबद्दल. तिचे तळवे आणि बोटं निळी आहेत, तरुणपणी नीळ काढायच्या हौदांवर राबल्यामुळे. प्रत्यक्षात असं होत नाही. नीळ हाताला लागते, पण नखांच्या कडा सोडल्या तर काही दिवसांत निघून जाते. चाळीस-पन्नास वर्षं राहणं शक्यच नाही. डॅश यांना हे इतिहासाच्या सल्लागाराने आधीच सांगितलं होतं, तरी त्यांनी हात निळे ठेवले. गुलामगिरीची खूण म्हटली की पाठीवरचे चाबकाचे वळ दाखवायचे ही ठरलेली पद्धत होती आणि ती त्यांना नको होती. मला ते पटतं. वळ बघून प्रेक्षक हळहळतो. निळे हात बघून विचारतो, हे काय आहे?

ते काम कसं होतं ते सांगते. ताजा पाला हौदात पाण्याखाली दाबून कुजवायचा. मग ते पाणी दुसऱ्या हौदात सोडून तासन्‌तास घुसळायचं, म्हणजे हवा लागून रंग वेगळा होतो. चुना घालायचा, गाळ खाली बसू द्यायचा, निथळून वड्या पाडायच्या. कुजणाऱ्या पाल्याचा वास असह्य, माश्यांचे थवे. म्हणून हे हौद मालकाच्या घरापासून लांब असत. गुलामांच्या नाकांचा विचार कोणी केला नव्हता.

आणि इथे आपला संबंध येतो. साउथ कॅरोलिनात नीळ १७४० च्या दशकात रुजली, ब्रिटिश सरकार त्यावर अनुदान देत असे. अमेरिका स्वतंत्र झाली, अनुदान बंद पडलं, तिथला धंदा बसला आणि ईस्ट इंडिया कंपनीने बंगालकडे मोर्चा वळवला. तिथून पुढे बंगाल-बिहारच्या रयतेचे हाल, आणि १९१७ चं चंपारण. नानाचे हात आणि चंपारणचा शेतकरी एकाच व्यापाराच्या दोन टोकांना आहेत.

खाडीकाठची

निळाशारताई, हा दुवा मला माहीतच नव्हता. नीळ आपल्याकडचीच म्हणून मी तिकडे कधी बघितलंच नाही.

जॉर्जियाकर

मी बरीच वर्षं सव्हानाच्या बाजूला राहतो. दोन गोष्टी.

एक, रीयुनियन. हा शब्द आपण कॉलेजच्या बॅचसाठी वापरतो, पण इथल्या काळ्या कुटुंबांत 'फॅमिली रीयुनियन' ही वर्षभर आधीपासून ठरवायची गोष्ट असते. उन्हाळ्यात एखादं पार्क राखून ठेवतात. सगळ्यांचे एका रंगाचे टी-शर्ट, पाठीवर वंशाचं झाड नाहीतर मूळ जोडप्याची नावं. डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फियाहून गाड्या भरून माणसं येतात. शुक्रवारी ओळखीपाळखी, शनिवारी चुली पेटतात, रविवारी सगळे मिळून चर्च. सहकाऱ्याच्या घरच्या अशा एका मेळाव्याला गेलो होतो, तर एका आजीने माईक हातात घेऊन गेल्या वर्षभरात वारलेल्यांची नावं वाचली आणि मग जन्मलेल्यांची. ॲलेक्स हॅली यांच्या 'रूट्स' मालिकेनंतर (१९७७) हे फार वाढलं म्हणतात, आणि डोरोथी हाइट यांनी १९८६ मध्ये वॉशिंग्टनला राष्ट्रीय पातळीवर असा मेळावा सुरू केला. पीझंट कुटुंबाचं जेवण मला या सगळ्याच्या आधीचं पहिलं पान वाटलं. फरक एवढाच की आता माणसं उत्तरेहून परत येतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. ही बेटं गुल्ला लोकांची का राहिली? तापाच्या भीतीने मालक उन्हाळाभर तिथे फिरकत नसत, हे एक. आणि यादवी युद्धात, नोव्हेंबर १८६१ मध्ये, उत्तरेच्या आरमाराने इथलं पोर्ट रॉयल घेतलं तेव्हा मालक पळाले, गुलाम तिथेच राहिले. पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी जमिनी विकत घेतल्या. सिनेमातली माणसं उत्तरेकडे निघताना मागे जे सोडतात ते नुसतं आठवणींचं बेट नाही, मालकीची जमीन आहे. मृत्युपत्र केलेलं नसायचं, म्हणून जमीन सगळ्या वारसांच्या सामाईक नावावर. आपल्याकडे सातबाऱ्यावर चुलत-चुलत मिळून तीसेक नावं असतात ना, तसंच. हिल्टन हेड बेटाला १९५६ मध्ये पूल झाला आणि गोल्फवाले आले. न्यू यॉर्कमधल्या एखाद्या वारसाचा बारीकसा हिस्सा विकत घ्यायचा आणि कोर्टात जाऊन अख्खी जमीन लिलावात काढायला लावायची, हा इथला ठरलेला डाव. त्याला आळा घालणारा नमुना-कायदा २०१० मध्ये आला, साउथ कॅरोलिनाने तो स्वीकारला २०१६ मध्ये. तोवर किती गेली ती गेलीच.

म्हणून नाना "मी जाणार नाही" म्हणते तेव्हा मला ती भाबडी म्हातारी वाटत नाही. घरात व्यवहार कळणारं तेच एक माणूस आहे.

उत्तरपक्ष

धागा चांगला चाललाय, पण सगळे नानाच्या मागे उभे आहेत. मी हेगरच्या बाजूने बोलतो.

हेगर या घरात लग्न करून आलेली. तिला डबी, मुळ्या, बाटल्या, पूर्वजांना हाका मारणं या कशाचाच सोस नाही. मुलांना शाळा, रोजगार, मोकळी हवा मिळावी म्हणून ती निघालीय. सिनेमा तिला कर्कश करतो. ती ओरडते, हिणवते, शेवटी मुलगी गमावते. नानाला मात्र प्रत्येक वाक्याला मावळतीचा उजेड. हा पक्षपात नाही का?

साउथ कॅरोलिनाने १८९५ मध्ये नवं राज्य-संविधान करून काळ्यांचा मताधिकार जवळजवळ पुसून टाकला होता. यूलाचं जे झालं ते त्याच 'आपल्या' भूमीवर झालं. पुढच्या काही दशकांत साठ लाखांच्या आसपास काळी माणसं दक्षिण सोडून गेली. ती सगळी मुळं विसरलेली होती का? बाबासाहेबांनी आम्हाला गाव सोडा म्हणून सांगितलं, कारण गावाच्या ज्या रम्य चित्रावर बाकीचे भाळत होते त्यात आमची जागा वेशीबाहेर होती. १९५६ नंतर आमच्या घरांतून कितीतरी देव बाहेर गेले. माझ्या आजीने देव्हारा स्वतःच्या हाताने उचलला. तिला कोणी 'परंपरा तोडलीस' असं म्हटलं असतं तर ती हसली असती. परंपरेचं ओझं कोण वाहतं आणि गोडवे कोण गातं, हे आधी विचारायचं असतं.

या दोन लढ्यांचं नातं मी आज जोडत नाहीये. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या लोकांना. तेव्हापासून आपण तिकडे बघतो आहोत. मग बघताना हेगरही दिसायला हवी.

खाडीकाठची

उत्तरपक्ष, हा प्रतिसाद वाचून हेगरचे सगळे प्रसंग काल रात्री पुन्हा पाहिले. ती कर्कश आहे हे खरं, पण मला तिच्यात भीती जास्त दिसली. बाहेरून आलेल्या सुनेला या घरात कधी पूर्ण जागा मिळाली नाही, असं तिच्या बोलण्यातून सारखं डोकावतं.

पण एका ठिकाणी माझा मतभेद आहे. तुमच्या आजीने जे देव बाहेर काढले ते तिला खाली ठेवणाऱ्या व्यवस्थेचे होते. नानाची डबी मालकाने दिलेली नाही. मालकाने जे पुसलं त्यातून तिने जे वाचवलं ते त्या डबीत आहे. शिवाय नाना सोवळं पाळणारी नाही. शेवटी ती काय करते ते बघा: आईचे केस आणि स्वतःचे केस एकत्र करून ताईत बनवते, त्याला यलो मेरीचं संत ख्रिस्तोफरचं पदक गुंडाळते आणि ते सगळं व्हायोलाच्या बायबलवर ठेवते. मग एकेकाला म्हणते, याचं चुंबन घ्या. त्याच बेटावर बिलाल रोज कुराण वाचतो आणि कोणी त्याला अडवत नाही. जुनं शुद्ध ठेवण्याचा अट्टहास मला तरी यात दिसत नाही. हेगर नकार देते, तो तिचा हक्क आहे. पण कुराणापासून क्रुसापर्यंत सगळं मावतं अशा गाठोड्याला 'ओझं' म्हणायचं का?

उत्तरपक्ष

गाठोडं कोणी बांधायचं हे नाना ठरवते. "घ्या" असं तीच सांगते. जो घेत नाही तो कुटुंबातून तुटल्यासारखा दाखवला जातो. प्रेमाने केलेली सक्ती ही सक्तीच असते, आणि आपल्या घरांतल्या बायकांना ती चांगली ठाऊक असते.

डबीबद्दलचा मुद्दा मात्र मान्य. आमच्याकडेही आजीच्या ट्रंकेत दीक्षाभूमीवरून आणलेला एक फोटो होता, तो ती कोणाला हात लावू देत नसे.

तिसरी_घंटा

बिलालचा विषय निघाला म्हणून. गोष्ट जिथे घडते त्या जागेला इबो लँडिंग म्हणतात. १८०३ मध्ये सेंट सायमन्स बेटावर इबो (पश्चिम आफ्रिकेतली एक जमात) बंदिवानांचा एक जथा आणला गेला. त्यांनी जहाज ताब्यात घेतलं आणि गुलाम होण्याऐवजी ते डनबर क्रीकच्या पाण्यात चालत गेले. कथा सांगते की ते पाण्यावरून चालत आफ्रिकेला गेले, कोणी म्हणतं उडून गेले.

सिनेमात ही हकिकत दोनदा येते. यूला सांगते ती दंतकथा, आणि ती सांगत असताना ईलाय खरोखरच पाण्यावरून चालत जातो. बिलाल फोटोग्राफरला सांगतो ते वेगळंच: मी तिथे होतो, बेड्यांसकट पाण्यात गेले ते वर आलेच नाहीत, पाण्यावर कोणी चालत नसतं. दिग्दर्शिका दोन्ही ठेवते आणि निकाल देत नाही. नाटकवाला म्हणून मला याचा हेवा वाटतो. रंगमंचावर आम्हाला कुठल्या तरी एका बाजूला दिवा मारावाच लागतो.

हिशेबाला बसलात तर १८०३ चा साक्षीदार १९०२ मध्ये असा ताठ बसलेला असणं कठीण आहे. खरा बिलाली नावाचा एक मुसलमान गुलाम शेजारच्या सापेलो बेटावर होता, त्याचं अरबीतलं हस्तलिखित आजही जपून ठेवलेलं आहे. पण तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच गेला. बाईंनी काळ घडी घालून ठेवलाय, निळ्या हातांसारखाच.

शेवगा_शेंग

सगळे इतकं गंभीर लिहिताहेत आणि जेवणाबद्दल कोणीच बोलत नाहीये! कोळंबी, खेकडे, मक्याची कणसं, आणि भेंडी चिरतानाचे ते जवळून घेतलेले शॉट. भेंडी आफ्रिकेतूनच तिकडे गेली. भातशेती येणारी माणसं मुद्दाम पकडून आणली गेली, म्हणून भातही. कोकणातल्या माणसाला तो किनारा परका वाटायचा नाही. मी सिनेमा संपल्यावर गंबो करून पाहिलं, घरच्यांनी 'खेकड्याच्या रश्श्यात भेंडी का घातलीस' म्हणून धारेवर धरलं.

पांढऱ्या कपड्यांत रेतीत बसून हे असलं कोण खातं, हा माझा खरा प्रश्न आहे.

प्रकाशमापक

शेवगाताई, ही तक्रार १९९२ पासून चालू आहे. 'गरीब कष्टकरी बायका इतक्या नीटनेटक्या कशा?' मला वाटतं फोटो काढायचा म्हणून ठेवणीतलं घातलंय, एवढं साधं आहे. काळी माणसं मळक्या कपड्यांतच अस्सल वाटतात, ही सवय बघणाऱ्याची.

रच्याकने, २०१६ मध्ये बियॉन्सेच्या 'लेमोनेड'मध्ये झाडांवर आणि पायऱ्यांवर बसलेल्या पांढऱ्या झग्यांतल्या बायका दिसल्या आणि लोक या सिनेमाकडे पुन्हा वळले. त्याच साली दुरुस्त केलेली प्रत आली. पाहायचा तर तीच पाहा, जुन्या डीव्हीडीत रंग पार उडालेले आहेत. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२ च्या समीक्षक-यादीत हा ६० व्या क्रमांकावर होता. एवढं होऊन डॅश यांना चित्रपटगृहासाठी दुसरा कथापट करायला मिळाला नाही, टीव्हीवरच काम करावं लागलं. यादीत नाव येणं आणि कोणी पैसे देणं यांचा संबंध नसतो.

वाचनमात्र

बरीच वर्षं नुसती वाचते इथे. या धाग्यामुळे सिनेमा पाहिला, म्हणून लिहिते.

शेवटी होडी निघते, हेगरची मुलगी आयोना तिच्यातून उडी मारते आणि सेंट ज्युलियनच्या घोड्यावर बसून निघून जाते. तो चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी. त्याचे लोक १८३८ मध्ये त्या प्रदेशातून हाकलले गेले, तो मागे राहिलेल्यांतला. म्हणजे हेगर मुलांना घेऊन पुढे जायला निघाली आणि मुलगी मागेच राहिली, तीही ज्याचे लोक आधीच हुसकून लावलेले अशा माणसाबरोबर. मला हे फार आवडलं. नवरा म्हणाला, शुद्ध हिंदी सिनेमा आहे, फक्त गाणं नाही.

पण माझा प्रश्न ट्रुलाबद्दल. यलो मेरीबरोबर आलेली तरुण मुलगी. दोघींचं नातं मैत्रिणींपेक्षा जास्त आहे हे उघड दिसतं. संपूर्ण सिनेमात ती जेमतेम तोंड उघडते. यलो मेरी बेटावर राहायचं ठरवते, ट्रुला होडीत बसून जाते. तिला कोणी थांब म्हणत नाही. धाग्याच्या सुरुवातीला पंगतीचं लिहिलंय. यूला रडून-ओरडून सगळ्यांना सांगते की यलो मेरीला दूर लोटाल तर स्वतःलाच लोटाल. मग ट्रुलाचं ताट कोणी वाढलं?

खाडीकाठची

वाचनमात्र, नेमकं बोट ठेवलंत. मी यावर काही वाचलं ते असं की यलो मेरीला रक्ताचं घर परत मिळताना तिने स्वतः जोडलेलं माणूस सुटतं, आणि ही किंमत दिग्दर्शिकेने जाणून दाखवली आहे. मला ते अर्धवटच पटतं. किंमत दाखवायची तर जो ती मोजतो त्याला एक तरी प्रसंग द्यायला हवा होता. आयोनाला घोडा मिळाला, हेगरला आक्रोश मिळाला, ट्रुलाला होडीची कड.

उत्तरपक्ष

म्हणजे नानाच्या गाठोड्यातही सगळं मावत नाही तर.

खाडीकाठची

मी हे लिहितानाच म्हटलं, आता उत्तरपक्ष येणार. :)

मधल्या_आळीतला

प्रकाशमापक, ती दुरुस्त प्रत बघतो. कोण कोणाची कोण हे आता या धाग्यावरून कागदावर उतरवून घेतलंय, शेजारी ठेवूनच बसेन.